पियांख

पियांख : (इ. स. पू. अकराव्या शतकाचा पूर्वार्ध). प्राचीन इजिप्तच्या विसाव्या राजवंशाच्या अखेरीस थीब्ज (आजचे लक्सॉर) आणि आसपासच्या वरच्या इजिप्तवर हुकमत चालवणारा सेनापती व आमुन देवाचा प्रमुख पुरोहित. इजिप्तच्या दक्षिणेकडील न्युबिया या मुलखात पाय रोवून बसलेल्या पानेहसी या बंडखोराविरुद्ध त्याने इ. स. पू. सुमारे १०७० मध्ये मोहीम काढली. ‘पायआंख’ असाही त्याच्या नावाचा उच्चार केला जातो. सुमारे साडेतीनशे वर्षांनी इजिप्त जिंकणाऱ्या कुशच्या पिये राजाचे नाव जुन्या पुस्तकांत ‘पियांखी’ असे येते, तो वेगळा.

पियांखच्या विजयाचे शिलालेख नाहीत. त्याची ओळख पटते ती त्याच्या पत्रांवरून. दोन पोलिसांचा गुपचूप काटा काढा, पूर्वजांची एखादी कबर उघडा, सोने पाठवा आणि जखमा बांधायला चिंध्या पाठवा, असे हुकूम त्या पत्रव्यवहारात आहेत. आपल्यामागे आपला कागद कोणी वाचेल, ही शंका या माणसाला कधी शिवली नसावी.

पार्श्वभूमी

अकरावा रामसेस (कारकीर्द इ. स. पू. सुमारे १०९९–१०६९) हा विसाव्या राजवंशाचा शेवटचा राजा. तो उत्तरेकडे, नाईलच्या त्रिभुज प्रदेशात राहत असे. थीब्ज तिथून नावेने अनेक दिवसांच्या अंतरावर. दक्षिणेत धान्य महाग झाले होते, पश्चिमेकडून लिबियन टोळ्या येऊन लुटालूट करत, आणि थीब्जच्या पश्चिम काठावरची थडगी फोडणे हा जणू धंदाच झाला होता. थडगेचोरीच्या एका खटल्यात एका बाईला, तुझ्याकडे ही चांदी आली कुठून, असे विचारले गेले. तिचे उत्तर पपायरसवर नोंदलेले आहे : तरसांच्या वर्षी, दुष्काळ पडला होता तेव्हा, जव विकून मिळवली. ‘तरसांचे वर्ष’ हे लोकांनीच दिलेले नाव. बहात्तरचा दुष्काळ ज्यांच्या घरांत अजून बोलला जातो, त्यांना अशा नावाचा अर्थ फोड करून सांगायला नको.

या काळात पानेहसी हा कुशचा, म्हणजे न्युबियाचा सुभेदार होता. त्या पदाला ‘कुशचा राजपुत्र’ म्हणत. राजघराण्यातला असण्याची गरज नसे. पानेहसी या नावाचा अर्थच ‘न्युबियन’. फौज घेऊन तो थीब्जला आला तो राजाच्या मर्जीने, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रामसेसच्या बाराव्या वर्षी पश्चिम थीब्जच्या कबरवस्तीचा (राजांच्या कबरी खोदणाऱ्या कामगारांच्या वस्तीचा) लेखनिक धुतमोस गावोगाव फिरून कामगारांच्या शिध्यासाठी धान्य गोळा करत होता. त्याच्या हिशेबाच्या पपायरसवर हे काम पानेहसीच्या अधिकाराखाली चालल्याची नोंद आहे. धुतमोसचे नाव लक्षात ठेवावे, तो पुढे पुन्हा भेटतो.

फौजेला पोसायचे तर धान्य हवे आणि थीब्जमधली मोठी कोठारे आमुनच्या देवळाची. प्रमुख पुरोहित आमेनहोतेप आणि पानेहसी यांचे बिनसायला एवढे पुरेसे होते. आमेनहोतेपला पदावरून हुसकावण्यात आले. नंतरच्या खटल्यात एका देवडीवाल्याने साक्ष दिली, ती अशी : परके लोक आले, त्यांनी देऊळ काबीज केले, मी गाढवांच्या राखणीला होतो, त्यातल्या एकाने मला धरून नेले, तेव्हा पुरोहिताला दडपून सहा महिने झाले होते, नऊ महिने भरल्यावर मी परत आलो. राज्यक्रांतीची तारीख या माणसाने आपल्या फरपटीवरून सांगितली. पानेहसीची माणसे पुढे उत्तरेलाही सरकली आणि मध्य इजिप्तमधले हारदाई हे नगर त्यांनी उद्ध्वस्त केले. मग मात्र त्याला माघार घ्यावी लागली व तो न्युबियात परतला.

सतराव्या वर्षाचे राजाचे एक पत्र उपलब्ध आहे. त्यात पानेहसीला त्याच्या सगळ्या पदव्यांनिशी संबोधून राजाच्या माणसाला मदत कर, असे फर्मावले आहे. एकोणिसाव्या वर्षानंतरच्या खटल्यांच्या कागदांत त्याची पदवी गेली आणि नावापुढे शत्रूंसाठी वापरायचे चिन्ह आले. चित्रलिपीत हे सोयीचे असते. नाव तेच ठेवून शेवटी एक आकृती बदलली की माणूस बंडखोर ठरतो.

सत्ता हाती येणे

रामसेसच्या एकोणिसाव्या वर्षी ‘वेहेम मेसुत’, म्हणजे ‘जन्मांची पुनरावृत्ती’, हा नवा कालखंड जाहीर झाला आणि त्याचे पहिले वर्ष म्हणून मोजणी नव्याने सुरू झाली. थडगेचोरांवरचे मोठे खटले याच पहिल्या वर्षी चालले. नाव पुनर्जन्माचे असले तरी दक्षिणेत राजाची सत्ता यानंतर नावापुरतीच उरली.

याच दशकात थीब्जमध्ये दोन माणसे वर आली : हेरिहोर आणि पियांख. दोघेही सेनापती, दोघेही आमुनचे प्रमुख पुरोहित, दोघेही कुशचे सुभेदार म्हणवणारे. पानेहसीकडून काढून घेतलेली पदवी अशा रीतीने थीब्जमधल्या सेनापतीच्या नावामागे लागली. मुलूख पानेहसीकडे आणि किताब दुसऱ्याकडे. तलवार, देवालय आणि कोठार पूर्वी वेगवेगळ्या हातांत असत व त्यांचा एकमेकांवर थोडाफार वचक राही. ते एकाच माणसाच्या मुठीत आल्यावर हिशेब मागणारा कोणी उरला नाही. पियांखच्या भ्रष्टाचाराचे मूळ स्वभावापेक्षा इथे शोधावे.

हेरिहोर आधी की पियांख आधी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हेरिहोर आधीचा व पियांख त्याचा वारस, असे पूर्वी सर्रास मानले जाई. १९९२ मध्ये जर्मन इजिप्तविद्यावेत्ते कार्ल यान्सन-विंकेल्न यांनी हा क्रम उलटा मांडला आणि तेव्हापासून दोन तट पडले आहेत. नोज्मेत ही स्त्री या वादाच्या मध्यभागी आहे. थीब्जमधल्या कर्नाक या देवालय-संकुलातील खोन्सु देवळात ती हेरिहोरची पत्नी म्हणून दिसते, तर पियांख आपली सर्वांत नाजूक कामे तिच्यावर सोपवतो. ती त्याची पत्नी होती, सासू होती की आई, याची उत्तरे क्रम कोणता धरला यावर बदलतात. पियांखच्या बाबतीत पक्की तारीख म्हणजे वेहेम मेसुतचे सातवे वर्ष : कर्नाकमध्ये आमुनने कौल देऊन एका कारकुनाची नेमणूक केली, त्या प्रसंगाच्या लेखात प्रमुख पुरोहित म्हणून पियांखचे नाव आहे. देवाची मूर्ती पालखीतून निघे, तिच्यापुढे नावे ठेवली जात आणि एका नावाला ती ‘होकार’ देई. पालखी कोणाच्या खांद्यावर आहे, हे अर्थातच महत्त्वाचे.

पानेहसीवरील मोहीम

वेहेम मेसुतच्या दहाव्या वर्षी पियांख फौज घेऊन दक्षिणेला निघाला. या मोहिमेचे आपल्याला जे काही कळते ते एका वयस्क, आजारी लेखनिकामुळे. धुतमोस, घरच्यांमध्ये ‘चारोय’, याला सेनापतीने बोलावून घेतले. ज्याने एकेकाळी पानेहसीसाठी धान्य मोजले, तोच आता पानेहसीवर चालून जाणाऱ्या फौजेच्या मागे निघाला. त्याने आपला मुलगा बुतेहामुन याला लिहिलेली आणि घरून त्याला आलेली पत्रे ‘उत्तर रामसेसकालीन पत्रे’ म्हणून ओळखली जातात. अशी सुमारे पन्नास पत्रे आहेत. एकोणिसाव्या शतकात ती युरोपात जाऊन लंडन, तुरिन, बर्लिन, लायडन, पॅरिस, जिनिव्हा अशा ठिकाणी विखुरली. चेक इजिप्तविद्यावेत्ते यारोस्लाव चेर्नी यांनी १९३९ मध्ये त्यांचा संपादित पाठ प्रसिद्ध केला.

धुतमोस लिहितो : सेनापतीने मला आणायला नाव पाठवली होती, ती मला एडफूजवळ भेटली, एलिफंटाइनला (दक्षिण सीमेवरचे नाईलमधले बेट) मी त्यांच्यापुढे हजर झालो. सेनापतीने पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे त्याला भाकरी आणि बीअर दिली, युद्धदेव माँतुची कृपा असो म्हटले, आणि सांगितले की पानेहसी जिथे आहे तिथे त्याला ‘भेटायला’ आम्ही वर जात आहोत. या ‘भेटण्या’वर बरीच शाई खर्च झाली आहे. इजिप्शियन शब्दाने लढाईही सूचित होते आणि वाटाघाटही. मात्र याच काळात पियांख कबरवस्तीतल्या लोकांकडून भाले करवून घेत होता आणि जुने कपडे फाडून पट्ट्या करून पाठवा, माणसांच्या जखमा बांधायला लागतील, असे लिहीत होता. वाटाघाटीला जाणारा सहसा चिंध्या मागवत नाही.

धुतमोस स्वतः नाईलच्या पहिल्या धबधब्याच्या, म्हणजे न्युबियाच्या वेशीच्या, पलीकडे गेला आणि आजारी पडला. घरी लिहिलेल्या पत्रांत तो देवांना साकडे घालायला सांगतो, बायकामुलांकडे लक्ष द्या म्हणतो, आणि ‘आज मी जिवंत आहे, उद्या देवाच्या हाती’ हे वाक्य लिहितो. हा त्या काळच्या पत्रांतला ठरीव मायना होता हे मान्य. तरी छावणीतून लिहिताना तो नुसता मायना राहत नाही. मध्येच त्याला घरातली जुनी कागदपत्रे आठवतात. आजोबा होरशेरी यांच्या घरात पावसात भिजलेले ते दस्तऐवज बुतेहामुनने खाली आणले, शाई पुसली गेली नव्हती, ते पणजोबा आमेननाख्त यांच्या कबरीत ठेवले आहेत, असा उल्लेख तो करतो. आमेननाख्त हा तिसऱ्या रामसेसच्या काळातला लेखनिक. कबर-कामगारांनी शिधा थकल्याबद्दल पुकारलेल्या, इतिहासात नोंद असलेल्या पहिल्या संपाच्या वेळी तोच कामावर होता. पिढ्यान्‌पिढ्या हिशेब ठेवणाऱ्या आणि कागद न टाकणाऱ्या घराण्याच्या हाती सेनापतीने आपली गुपिते दिली, हे त्याचे दुर्दैव आणि आपले भाग्य.

दोन मेजाई

बर्लिनच्या संग्रहातील तीन पत्रे एकाच विषयावर आणि जवळजवळ एकाच शब्दांत आहेत : एक धुतमोसला, एक पैशुउबेन नावाच्या कारभाऱ्याला, एक नोज्मेतला. थीब्जमधल्या दोन मेजाईंनी (मेजाई हे मूळचे न्युबियन, या काळात तो शब्द पोलिसांसाठी रूढ होता) काहीतरी बोलून दाखवले होते. काय, ते कुठल्याच पत्रात नाही. पियांखचा हुकूम असा : तिघांनी मिळून त्या दोघांना माझ्या घरी आणवा, त्यांच्या बोलण्याचा लगेच छडा लावा, त्यात तथ्य निघाले तर दोन टोपल्यांत घालून रात्री पाण्यात टाकून द्या आणि गावात कोणाला कळू देऊ नका.

या हुकमात चौकशी आहे, पण न्यायालय नाही. थीब्जमध्ये वजिराचे न्यायालय होते, कर्नाकमध्ये देवाचा कौल होता, आणि त्या देवाचा प्रमुख पुरोहित स्वतः पियांखच होता. दोन हवालदारांना उघडपणे शिक्षा करणे त्याला मुळीच अवघड नव्हते. ‘तथ्य निघाले तर मारा’ ही अट नीट वाचावी. दोघे खोटे बोलत असते तर त्यांच्यापासून धोका नव्हता. ते खरे बोलत होते हीच अडचण होती, असा अर्थ घेता येतो आणि अनेक अभ्यासकांनी तो घेतला आहे. सेनापतीच्या उलाढालींविषयी त्यांना काही ठाऊक असावे, हा तर्क त्याच पत्रव्यवहारातल्या इतर मजकुरामुळे बळावतो.

धुतमोसला लिहिलेल्या पत्रात पुढे आणखी एक विषय निघतो. पियांख विचारतो : फेअरो (राजा) या प्रदेशात पोहोचणार तरी कसा, आणि तसे पाहिले तर तो आता धनी आहे कोणाचा? ‘फेअरो’ या शब्दानंतर ‘आयुष्य, समृद्धी, आरोग्य लाभो’ हे नेहमीचे आशीर्वचन मात्र लेखनिकाने चुकवलेले नाही. आदर शब्दाला, अनादर वाक्यात. त्याच पत्रात लगेच तक्रार : तीन महिने झाले, नाव पाठवूनही तुम्ही मला सोन्याचा किंवा चांदीचा एक डेबेनही पाठवला नाही. डेबेन म्हणजे साधारण ९१ ग्रॅम. सरकारी मोहिमेचा सेनापती एका कबर-लेखनिकाकडे एवढेसे सोने का मागतो, हा साधा प्रश्न विचारला की उरलेले उलगडते.

कबरींचे सोने

इजिप्तचे बरेच सोने न्युबियातून येई आणि न्युबिया आता पानेहसीच्या हातात होती. म्हणजे ज्याच्याशी लढायचे, खाणींची वाटही त्याच्याच ताब्यात. थीब्जमध्ये सोन्याचा दुसरा साठा एकच : डोंगराच्या पोटात पुरलेल्या राजांचा.

बुतेहामुन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पियांखला लिहिलेल्या एका उत्तरात सेनापतीचाच आदेश उद्धृत केला आहे : पूर्वजांच्या कबरींपैकी एक कबर उघडी करा आणि मी येईपर्यंत तिचा शिक्का शाबूत ठेवा. हे लोक कळवतात की काम चालू आहे, पण चारोयला परत पाठवा, त्याच्यावाचून पाय कुठे ठेवावा ते आम्हाला कळत नाही. शिक्का शाबूत ठेवायचा तो इतर कोणी हात घालू नये म्हणून, असे ब्रिटिश अभ्यासक निकोलस रीव्हज यांच्यासह अनेकांचे मत आहे. म्हणजे वेहेम मेसुतच्या पहिल्या वर्षी ज्या गुन्ह्यासाठी गरीब गवंड्यांना फटके मारून जबाब घेतले गेले, तोच नवव्या-दहाव्या वर्षी सरकारी उपक्रम झाला होता. चोरांची यादी करणारे आणि कबर उघडणारे एकाच कार्यालयातले.

पुढच्या दशकांत राजांच्या ममी काढून, पुन्हा गुंडाळून, डोंगरातल्या गुप्त जागी हलवण्यात आल्या. त्यांतल्या काहींवर बुतेहामुनचे नाव आहे. ‘पुनर्दफन’ असे त्याला कागदोपत्री म्हटले जाई. अकराव्या रामसेससाठी खोदलेल्या आणि कधीच न वापरलेल्या कबरीत तिसऱ्या थुतमोसच्या शवपेटीवरून खरवडलेल्या सोनेरी लेपाचे तुकडे सापडले आहेत. दैर अल-बहरीजवळच्या प्रसिद्ध गुप्त साठ्यातली त्याची शवपेटी पाहिली तर हत्याराच्या खुणा दिसतात. हे काम शिस्तीत, दिवसाउजेडी झाले. या सगळ्याला पूर्णपणे पियांख जबाबदार नव्हे, त्याच्यानंतरही ते चालले; पण ‘कबर उघडा’ असे सेनापतीच्या तोंडचे वाक्य त्याच्याच पत्रव्यवहारात सापडते.

बंडखोर कोण?

पानेहसीला पियांख हरवू शकला नाही. पानेहसीची कबर खालच्या न्युबियात अनीबा येथे सापडली. तो आपल्याच मुलखात मेला व पुरला गेला, असे समजले जाते. (अनीबा आता नासर सरोवराच्या पाण्याखाली आहे.) पियांखनंतर ‘कुशचा राजपुत्र’ ही पदवी थीब्जमधल्या लोकांनी मिरवली तरी तिच्यामागे मुलूख उरला नाही, आणि न्युबिया इजिप्तच्या हातून गेली ती गेलीच.

राजाविरुद्ध बंड केल्याचा शिक्का पानेहसीवर बसला, तरी ‘फेअरो धनी कोणाचा?’ हे वाक्य त्याच्या नव्हे, त्याचा पाठलाग करणाऱ्याच्या पत्रात आहे. पानेहसी खरोखर राजाविरुद्ध उठला की थीब्जमधल्या सेनापतींविरुद्ध, असा प्रश्न त्यामुळे काही अभ्यासक विचारतात. दोघे आतून मिळाले होते, असेही सुचवले गेले आहे; जखमेच्या पट्ट्यांची मागणी पाहता प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. राजाला निष्ठावंत असा दक्षिणेत कोणीच राहिला नव्हता, एवढे मात्र खरे. त्याच्या नावे लढणे हा दोघांच्याही सोयीचा भाग होता.

वेहेम मेसुतच्या दहाव्या वर्षानंतर पियांखचा माग लागत नाही. रामसेसही त्याच सुमारास मेला आणि उत्तरेत तानिस येथे स्मेंदेस राजा झाला. थीब्ज पियांखचा मुलगा पिनेज्येम याच्याकडे आले. तो आधी प्रमुख पुरोहित होता, पुढे राजा म्हणवू लागला. स्वतःच्या दफनासाठी त्याने पहिल्या थुतमोसची शवपेटी वापरली.

नोज्मेतची ममी १८८१ मध्ये दैर अल-बहरीच्या साठ्यातून बाहेर आली. त्या दोन मेजाईंची नावे तिन्ही पत्रांपैकी एकातही लिहिलेली नाहीत.